संमतिपत्रातील ‘मी’ कोण?

आमच्या त्रैमासिकाच्या पानांवर कवितासंग्रहांची, कथा-कादंबऱ्यांची आणि क्वचित एखाद्या धर्मपर ग्रंथाच्या अनुवादाची परीक्षणे येत असतात. या खेपेस ज्या लेखनाचे परीक्षण आम्ही करू इच्छितो, त्याला मुखपृष्ठ नाही, प्रस्तावना नाही, लेखकाचे नावही नाही. ग्रंथालयात ते ठेवले जात नाही. परंतु ते ज्याच्या हाती पडते त्याला त्याच्या शेवटी सही करावी लागते, आणि त्या सहीवर एखाद्या माणसाचे पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात. हे लेखन म्हणजे वैद्यकीय संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णापुढे ठेवले जाणारे माहितीपत्रक आणि त्याला जोडलेले संमतिपत्र. त्याची भाषा मराठी आहे आणि त्याचा विषय माणूस आहे. मग साहित्याच्या पानांवर त्याचा विचार का होऊ नये?

हा विचार मनात आला तो गेल्या पावसाळ्यात. मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, अशा दिवसांत उत्तनची एक आई आपल्या तरुण मुलाला घेऊन बसने भाईंदरला आमच्याकडे आली. मुलाला काही वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया झाला. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. कॉलेज सुटले, पण औषधे नियमित चालू झाल्यावर तो सावरला. घरी जाळी विणतो, रविवारी मिस्साला येतो, मोजके बोलतो. ज्या रुग्णालयात त्याचे उपचार चालू होते, तेथे एका नव्या औषधाची चाचणी होणार होती आणि तिच्यात त्याने भाग घ्यावा असे सुचविण्यात आले होते. आईच्या हातात बारा पानांचे बाड होते. “मास्तर, हे वाचून सांगा. सही कुठे करायची ते मला माहीत आहे, काय लिहिले आहे ते कळत नाही,” असे ती म्हणाली. औषधे आणि तपासण्या मोफत मिळणार, येण्याजाण्याचे भाडेही मिळणार, हे मात्र तिला नीट कळले होते. महिन्याच्या औषधांचा हिशेब ज्या घरात मासळीच्या भावावर चालतो, तेथे हे वाक्य प्रथम वाचले जावे यात नवल नाही.

आम्ही ते बाड वाचले. एकदा वाचून आम्हांलाही नीट उमगले नाही, म्हणून पुन्हा वाचले. आयुष्यभर मराठी शिकवल्यानंतर बारा पानांच्या मराठीपुढे असे अडखळण्याची वेळ आली, याची आम्हांला लाज वाटली. आणि मग असे वाटले, की लाज आमची एकट्याची नाही.

प्रथम भाषेकडे पाहू. ‘सहभागी व्यक्तींचे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभाजन करण्यात येईल.’ हे वाक्य वाचताच तो मुलगा प्रथमच बोलला. “यादृच्छिक म्हणजे कोणाची इच्छा?” त्याने विचारले. प्रश्न ऐकून आई ओशाळली. तिला वाटले, मुलगा काहीतरी भलतेच बोलला. परंतु तो अगदी जागेवर बोलला होता. त्या वाक्याचा अर्थ असा, की तुम्हांला कोणते औषध मिळेल हे कोणाच्याच इच्छेवर नाही. तुमच्याही नाही आणि डॉक्टरांच्याही नाही. याला आपल्या भाषेत घरोघर ठाऊक असलेले शब्द आहेत: चिठ्ठी टाकणे. यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे आपल्या धर्मग्रामातील लहान मुलेही सांगतील. ‘कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरेल’ एवढे लिहिले असते तर उत्तनची ती आई आमच्याकडे येतीच ना.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. सातव्या पानावर, रक्ततपासणीच्या तपशिलांखाली, ‘चाचणीपूर्व औषध-विराम कालावधी’ असे शब्द होते. विराम म्हटले की आपल्या मनात विश्रांती येते, स्वल्पविराम येतो. येथे त्याचा अर्थ असा होता, की मुलाची सध्याची औषधे, ज्यांच्या आधारावर तो जाळी विणू लागला होता आणि मिस्साला येऊ लागला होता, ती काही आठवडे बंद राहतील, आणि त्या काळात आजार उलटण्याचा संभव आहे. ही माहिती लपवलेली होती असे आम्ही म्हणणार नाही; ती छापलेली होती. परंतु ‘मोफत’ हा शब्द पहिल्या पानावर आणि ‘विराम’ सातव्या, अशी जी रचना असते तिला समीक्षेत आशयाची मांडणी म्हणतात, आणि मांडणी कधीच निरपेक्ष नसते.

व्याकरणही बोलके आहे. ‘देण्यात येईल’, ‘घेण्यात येईल’, ‘कळविण्यात येईल’: सगळा ग्रंथ कर्त्याविना चालतो. कोण देईल, कोण घेईल, काही बिघडले तर रात्री कोणाचे दार ठोठवायचे, हे क्रियापदाला विचारून कळत नाही. आणि मग शेवटच्या पानावर अचानक कर्ता प्रकट होतो. तो कर्ता म्हणजे ‘मी’. मी माहितीपत्रक वाचले आहे. मला ते समजले आहे. मला प्रश्न विचारण्याची संधी मिळाली. माझा सहभाग ऐच्छिक आहे. कोणतेही कारण न देता मी केव्हाही माघार घेऊ शकतो आणि त्यामुळे माझ्या उपचारांवर वा कायदेशीर हक्कांवर परिणाम होणार नाही. औषधचाचण्यांच्या भारतीय नियमांत संमतिपत्राचा जो नमुना आहे, त्याचा आशय थोड्याफार फरकाने असाच असतो.

हा ‘मी’ कोण? कादंबरीच्या समीक्षेत आपण निवेदक आणि लेखक यांत भेद करतो. नायक ‘मी’ म्हणतो म्हणून तो लेखक ठरत नाही. संमतिपत्रातही हाच प्रकार आहे. निवेदक रुग्ण आहे. लेखक मात्र औषधकंपनी, तिचा वकील, संशोधक आणि कोणी अनुवादक. स्वतःविषयीची सर्वांत महत्त्वाची विधाने रुग्ण दुसऱ्याने लिहिलेल्या ‘मी’मधून करतो. निरोगी, शिकलेल्या माणसाला हे फारसे जाणवत नाही. परंतु ज्याच्या आजाराचे एक लक्षणच असे असू शकते, की दुसरे कोणी आपल्या मनात विचार घालीत आहे असे त्याला वाटावे, त्याच्यापुढे परक्याने लिहिलेला ‘मी’ ठेवून ‘हा तुझाच आहे, सही कर’ म्हणणे ही साधी गोष्ट नाही.

तरीही या कागदाची हेटाळणी आम्ही करणार नाही. तो रक्तातून आला आहे. नाझी जर्मनीत मनोरुग्ण व अपंग यांच्या हत्येची जी मोहीम चालली, तिच्यात ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० माणसे विषारी वायूने मारली गेली. मारल्या गेलेल्यांपैकी अनेकांचे मेंदू संशोधनसंस्थांकडे अभ्यासासाठी गेले. त्यांतल्या कोणालाही कोणी काही विचारले नव्हते. मुन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी व्यासपीठावरून या हत्यांचा जाहीर निषेध केला. युद्धानंतर न्यूरेम्बर्ग येथे डॉक्टरांवर खटला चालला, आणि १९४७ च्या निकालात प्रयोगांसाठी दहा तत्त्वे मांडली गेली. त्यांतील पहिलेच तत्त्व असे, की ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेची संमती अनिवार्य आहे. सप्टेंबर १९५२ मध्ये परमगुरू बारावे पायस यांनीही मज्जासंस्थेच्या अभ्यासकांपुढे बोलताना विज्ञानाचे हित हे स्वतःच्या बळावर सर्व काही समर्थनीय ठरवीत नाही असे बजावले. रुग्ण जेवढा अधिकार देईल तेवढाच डॉक्टरला मिळतो, आणि रुग्णाचा स्वतःवरील अधिकारही अमर्याद नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

न्यूरेम्बर्गच्या तत्त्वाने मात्र एक अडचण निर्माण केली. संमती देण्याची कायदेशीर क्षमता असलेल्यानेच संमती द्यावी, असे ते म्हणते. मग ज्याची क्षमता आजाराने डळमळीत केली आहे त्याने काय करावे? त्याला संशोधनातून अजिबात वगळावे तर त्याच्या आजारावर औषध शोधायचे कोणावर? मनोविकारांवरची औषधे आकाशातून पडलेली नाहीत. आपल्याकडील सर्पगंधा या वनस्पतीचा वेडावरील उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवला. १९५२ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयात क्लोरप्रोमाझिनचा प्रयोग झाला, आणि जगभरच्या मनोरुग्णालयांतील कित्येकांच्या परतीची वाट मोकळी झाली. उत्तनचा तो मुलगा आज जाळी विणतो तो कोणा अनोळखी रुग्णांवर पूर्वी झालेल्या चाचण्यांमुळेच. ‘माझ्या मुलावर प्रयोग नको’ हे वाक्य प्रत्येक घराने म्हटले, तर उद्याच्या मुलाला औषध नाही. या बाजूचे वजन आम्ही कमी लेखत नाही. जागतिक वैद्यक संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने अशा रुग्णांच्या बाबतीत कायदेशीर पालकाच्या संमतीचा मार्ग मोकळा केला. त्याच जाहीरनाम्याच्या २०२४ च्या सुधारणेत शीर्षकातील ‘विषय’ या अर्थाचा शब्द जाऊन ‘सहभागी’ हा शब्द आला. शब्द बदलायला साठ वर्षे लागली.

पालकाची संमती म्हणजे काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये पाहिले. ते प्रकरण संशोधनाचे नव्हते आणि त्यातील स्त्रिया मनोरुग्ण नसून बौद्धिक अपंगत्व असलेल्या होत्या. या दोन स्थिती एक नव्हेत, हे आपल्या घरांतून अजून स्पष्ट झालेले नाही म्हणून मुद्दाम सांगतो. परंतु संमतीचा प्रश्न तोच होता. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय गृहातल्या मुली व स्त्रिया यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींचे पालकत्व ज्या शासनाकडे होते, त्याच शासनाच्या गृहातून त्या आल्या होत्या आणि त्याच शासनाच्या रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. संमती देणारा आणि संमती घेणारा हे एकाच घरचे असले म्हणजे संमती हा शब्द पोकळ होतो.

त्या वेळी देशात १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होता. तो १९९३ मध्ये अंमलात आला होता. त्याच्या ८१ व्या कलमात संशोधनाविषयी एक तरतूद होती, आणि तिच्यातील एका छोट्या अव्ययाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. उपचार घेत असलेल्या मनोरुग्णाचा संशोधनासाठी वापर करू नये, असे ते कलम म्हणते. अपवाद एक, असे संशोधन निदानाच्या वा उपचाराच्या दृष्टीने प्रत्यक्ष त्याच्या हिताचे असेल, किंवा दोन, त्याने स्वतः वा त्याच्या पालकाने लेखी संमती दिली असेल. सारा घोटाळा या ‘किंवा’मध्ये आहे. तेथे ‘आणि’ हवे होते. हित आहे असे संशोधकाने ठरवले की संमतीची गरजच उरू नये, अशी फट त्या अव्ययाने ठेवली. आणि आपले संशोधन रुग्णाच्या हिताचे आहे असे कोणत्या संशोधकाला वाटत नाही?

मग आले २००५ सालचे प्रकरण. ब्रिटनमधील मनोविकारशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात रिस्पेरिडोन या औषधाच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चाचणी भारतात झाली होती. तीव्र उन्मादाच्या २९० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना तीन आठवडे औषध आणि बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे रूपाने औषधासारखी पण गुणाने रिकामी गोळी देण्यात आली. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात मुंबईच्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकाशी संबंधित असलेल्या अमर जेसानी, संध्या श्रीनिवासन प्रभृतींनी हरकती नोंदवल्या. उन्मादावर गुणकारी औषधे उपलब्ध असताना इतक्या आजारी माणसांना रिकामी गोळी का? आणि उन्मादाच्या त्या टोकावर असलेला माणूस समजून-उमजून संमती देऊ शकतो का? हे प्रश्न विचारणारे संशोधनाचे विरोधक नव्हते. स्वतः त्या क्षेत्रात वावरणारी माणसे होती. उन्मादाचा झटका ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना दुसऱ्या प्रश्नाचे मोल सांगावयास नको. त्या अवस्थेत माणूस साऱ्या जगाला होकार देत सुटतो. घर विकायलाही आणि दर्या पोहून जायलाही. तो होकार त्याचा असतो की आजाराचा?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २०१८ पासून अंमलात आहे, बरेच काही सुधारले, हे मान्य केले पाहिजे. मनोविकारावरील उपचार म्हणून कोणाचीही नसबंदी करण्यास त्याने बंदी घातली. मनोरुग्ण आहे म्हणून निर्णयक्षमता नाही, असे गृहीत धरता येणार नाही, असे तो म्हणतो. माहिती समजणे, परिणामांची जाणीव असणे किंवा आपला निर्णय शब्दाने वा खुणेने कळवता येणे, एवढे पुरे. माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी असेही त्यात आहे. आमच्या हाती आलेल्या बारा पानांच्या लेखकाने ही तरतूद वाचली असती तर बरे झाले असते. संशोधनासाठी ९९ व्या कलमाने रुग्णाची स्वतःची, मुक्त आणि माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरवली आणि ती केव्हाही मागे घेण्याचा हक्क दिला. ‘किंवा’ची फट बुजली.

परंतु समीक्षकाने स्तुतीवर थांबू नये. त्याच कलमात, जो रुग्ण संमती देऊ शकत नाही ‘परंतु विरोधही करीत नाही’ त्याच्याविषयी वेगळी वाट आहे. अशा वेळी राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती लागते, हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्यांवर करणे अशक्य आहे हे दाखवावे लागते, हितसंबंध उघड करावे लागतात, नीतिसमितीची मान्यता लागते. कुंपणे भक्कम आहेत. तरी ‘विरोध करीत नाही’ हे शब्द आम्हांला टोचतात. मनोरुग्णालयाच्या कक्षात वर्षानुवर्षे राहिलेला माणूस कशाला विरोध करतो? जेवणाला नाही, गोळीला नाही, दाराच्या कडीला नाही. त्याचे मौन हे त्याच्या इच्छेचे चिन्ह आहे की त्याच्या दीर्घ सवयीचे, हे बाहेरून पाहणाऱ्याने कसे ओळखावे? आपल्या भाषेत मौनाला संमतीचे लक्षण म्हणण्याची जुनी सोय आहे, आणि मुलींच्या लग्नांत त्या सोयीने काय केले ते आपण जाणतो.

येथे आपल्या ख्रिस्तसभेचा एक जुना शहाणपणा आठवतो. विवाहसंस्कारात धर्मगुरू वर आणि वधू दोघांनाही विचारतात, आणि उत्तर ज्याचे त्यानेच द्यावे लागते. आईवडील वेदीजवळ बसलेले असतात, आहेर तयार असतो, मांडवात वाजंत्री थांबलेली असते. तरी त्यांच्यापैकी कोणाचाही होकार चालत नाही. दांपत्याची संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता पुरवू शकत नाही, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो, आणि ज्याला पुरेसा विवेक नाही त्याची संमती ग्राह्य नाही असेही तोच सांगतो. यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तिमयाला काय हवे होते हे भोवतालच्या गर्दीला दिसत होते. तरीही येशूने त्याला विचारले. उघड दिसणारी गरजही विचारण्याची जबाबदारी संपवीत नाही.

या कसोटीवर आपली घरे कितपत उतरतात? कंपनी आणि डॉक्टर यांच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. आपल्या भागात एखादा विचित्र वागला की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे आपण सहज म्हणतो आणि हसतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. घोडबंदरच्या रस्त्याने ते आपल्याला जवळ आहे आणि मनाने फार दूर. ज्या समाजात रुग्णालयाचे नाव ही शिवी होते, तेथे रुग्णाच्या बोलण्याला कोण किंमत देणार? घरातला आजारी मुलगा काही म्हणाला की आपण एकमेकांकडे पाहतो. त्याच्या देखत त्याच्याविषयी तिसऱ्या पुरुषात बोलतो. ‘त्याला विचारून काय उपयोग?’ हे वाक्य रुग्णालयात जन्मलेले नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात जन्मलेले आहे. डॉक्टर ते फक्त उचलतात.

त्याला विचारून उपयोग असतो, याचा पुरावा आहे. २००० साली अमेरिकेतील मेरीलँडच्या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना संशोधनाविषयी माहिती देऊन त्यांची समज तपासली. प्रथम ते निरोगी माणसांपेक्षा मागे पडले. नंतर तीच माहिती त्यांना वेळ देऊन, पुन्हा समजावून सांगितल्यावर, त्यांची समज निरोगी माणसांच्या जवळपास पोहोचली. म्हणजे पुष्कळदा उणीव रुग्णाच्या मेंदूत जेवढी असते तेवढीच समजावणाऱ्याच्या सवडीत असते. बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शेकडो माणसे पाहणाऱ्या डॉक्टरांना ही सवड कोठून मिळावी, हा खरा प्रश्न आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. परंतु चाचणीसाठी जेथे पैसा उभा राहतो, तेथे समजावणाऱ्या एका माणसाच्या दोन तासांसाठी तो उभा राहू नये हे पटत नाही. भारतात दुर्बल स्थितीतील रुग्णांवर सर्वस्वी नव्या औषधांची चाचणी करताना संमतीच्या प्रक्रियेचे दृक्श्राव्य चित्रण करण्याचा नियम आहे. चांगला नियम आहे. मात्र कॅमेरा सही होताना पाहतो. अर्थ पोहोचला की नाही हे त्याला दिसत नाही. ते कळण्याचा एकच मार्ग आम्हांला माहीत आहे, आणि तो प्रत्येक शिक्षकाला माहीत असतो: ‘समजले का?’ असे न विचारता ‘काय समजले ते तुझ्या शब्दांत सांग’ असे विचारणे.

आम्ही तेच केले. बारा पाने बाजूला ठेवली आणि त्यांतला आशय असा सांगितला: ‘हे नवे औषध आहे. ते लागू पडेल की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही. तेच पाहायचे आहे. काहींना ते मिळेल, काहींना नुसती रिकामी गोळी मिळेल, आणि कोणाला काय ते चिठ्ठी टाकून ठरेल. तुला काय मिळाले हे तुलाही कळणार नाही आणि तुझ्या डॉक्टरांनाही कळणार नाही. आधी तुझे आताचे औषध काही आठवडे बंद करतील. त्या दिवसांत त्रास पुन्हा होऊ शकतो. नको वाटले तर नको म्हण; मध्येच नको वाटले तरी नको म्हण.’ मग त्याला ते परत सांगायला लावले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग त्याने सारे सांगितले, चिठ्ठीसुद्धा. शेवटी म्हणाला, “म्हणजे ते आवाज परत येतील.” आम्ही म्हणालो, “येऊ शकतील.” “मग नको,” तो म्हणाला. “रक्त हवे असेल तर देतो.”

आई आमच्यावर नाराज झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. मोफत औषधाची आशा आमच्यामुळे गेली असे तिला वाटले, आणि परतीच्या बसपर्यंत ती आमच्याशी बोलली नाही. तिचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. औषधाचा खर्च ती करते, आम्ही नाही. दोघे रुग्णालयात गेले, मुलाने डॉक्टरांना स्वतः ‘नको’ सांगितले, आणि त्याचे पूर्वीचे उपचार पहिल्यासारखेच चालू राहिले. संमतिपत्रातील माघारीचे ते वाक्य अक्षरशः खरे ठरले. ज्या लेखनावर आम्ही इतकी टीका केली, त्याच्या बाजूने एवढे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे.

त्याने ‘हो’ म्हटले असते तरी आमचे मत बदलले नसते. त्याच्या जागी दुसरा एखादा रुग्ण, सारे समजून, पुढच्या पिढीसाठी हा धोका पत्करील, आणि त्याच्या होकाराचे मोल मोठे असेल. मनोरुग्णाला संशोधनापासून केवळ संरक्षणापोटी दूर ठेवणे आणि त्याला न विचारता संशोधनात ओढणे, ही वरवर विरुद्ध दिसणारी दोन कृत्ये एकाच समजुतीतून निघतात: याला स्वतःचा शब्द नाही. आमचे सारे म्हणणे त्या समजुतीविरुद्ध आहे. म्हणून आमच्या धर्मग्रामांतील शिकलेल्या तरुणांना आमची विनंती अशी, की असा कागद शेजारच्या घरात आला तर सही कोठे करायची हे दाखवण्याची घाई करू नका. त्याच्याजवळ बसा, आपल्या घरच्या बोलीत तो सांगा, आणि त्याचे उत्तर ऐकण्याइतका वेळ काढा. आणि ज्यांना अनुवादाची कामे मिळतात त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की शेवटच्या पानावरचा ‘मी’ लिहिताना तो म्हणणारा माणूस डोळ्यांसमोर आणा.

हा लेख छापण्यापूर्वी आम्ही तो उत्तनला नेऊन त्या मुलाला वाचून दाखवला आणि छापू का, असे विचारले. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही आधीच बदलले होते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एक परिच्छेद काढायला सांगितला. आम्हांला तो परिच्छेद फार आवडला होता. तो आम्ही काढला आहे.